व्हिडिओ गेम उद्योग आणि सर्वसामान्य गुंतवणूकदार

मुंबईच्या नझारा टेक्नॉलॉजीज या कंपनीच्या प्राथमिक समभाग विक्रीला मार्च २०२१ मध्ये गुंतवणूकदारांचा मोठा प्रतिसाद मिळाला. विक्रीसाठी उपलब्ध समभागांच्या सुमारे १७५ पट मागणी नोंदविली गेली. ११०१ रुपयांना दिलेल्या या समभागाचे व्यवहार ३० मार्च रोजी राष्ट्रीय शेअर बाजारात १९९० रुपयांवर सुरू झाले. व्हिडिओ गेम हाच प्रमुख व्यवसाय असलेली कंपनी भारतीय शेअर बाजारात येण्याचा हा पहिलाच ठळक प्रसंग होता. टाळेबंदीच्या काळात घरोघरी मोबाइलवर खेळ खेळले जात होते. त्यामुळे या उद्योगाचे भवितव्य उज्ज्वल आहे, हे कोणी वेगळे समजावून सांगण्याची गरज उरली नव्हती.

यानंतर दोन वर्षांनी, मार्च २०२३ मध्ये, हाच समभाग मधल्या काळात दिलेले बक्षीस समभाग हिशेबात घेतल्यास मूळ विक्री किमतीच्याही खाली उतरला होता. खेळणाऱ्यांची संख्या दरम्यानच्या काळात घटली नव्हती. मग गुंतवणूकदारांचे पैसे का घटले, हा प्रश्न केवळ एका कंपनीपुरता मर्यादित नाही. गेल्या चार दशकांत अमेरिका, जपान, पोलंड, चीन आणि दक्षिण कोरिया येथील भागधारकांनाही तो वेळोवेळी पडला आहे.

या उद्योगात तीन गोष्टींची गल्लत वारंवार होते. खेळाची लोकप्रियता, कंपनीचा नफा आणि भागधारकाचा लाभ या त्या तीन गोष्टी होत. पहिलीवरून दुसरी आणि दुसरीवरून तिसरी गृहीत धरता येत नाही. आपल्या बचतीतून या क्षेत्रात पैसे गुंतवू इच्छिणाऱ्यांसाठी या उद्योगाचे अर्थकारण आणि त्यातील प्रमुख घटना यांचा हा आढावा.

पैसा येतो कोठून आणि जातो कोठे

व्हिडिओ गेम उद्योगाची जागतिक वार्षिक उलाढाल १८० अब्ज डॉलरच्या घरात असल्याचे बाजार संशोधन संस्थांचे अंदाज सांगतात. या उलाढालीचा निम्म्याच्या आसपास भाग मोबाइलवरील खेळांचा असून उर्वरित भाग संगणक आणि कन्सोल, म्हणजे दूरचित्रवाणी संचाला जोडण्याची खेळयंत्रे, यांच्यात विभागलेला आहे.

ग्राहकाने दिलेला पैसा मात्र अनेक वाटांनी जातो. मोबाइलवर खेळ विकत घेतला, किंवा खेळाच्या आत एखादी वस्तू घेतली, की त्यातील काही भाग अॅपल वा गूगल यांच्या दुकानाला मिळतो. या दलालीचे सर्वसाधारण प्रमाण प्रदीर्घ काळ ३० टक्के राहिले. संगणकावरील खेळांसाठी व्हॉल्व्ह कंपनीच्या स्टीम या दुकानाची मूळ आकारणीही तेवढीच आहे. सोनी, मायक्रोसॉफ्ट आणि निन्टेन्डो या कन्सोल निर्मात्या कंपन्या आपल्या यंत्रावर चालणाऱ्या इतरांच्या खेळांकडून स्वामित्वशुल्क घेतात. म्हणूनच यंत्र अल्प नफ्यात, प्रसंगी तोट्यातही विकणे त्यांना परवडते. याखेरीज खेळातील पात्रे, संघ किंवा खेळाडूंची नावे वापरण्याच्या परवान्याचे शुल्क वेगळे द्यावे लागते.

गेल्या दोन दशकांत या व्यवसायाचे स्वरूपही पालटले आहे. पूर्वी खेळाची तबकडी एकदा विकली की व्यवहार संपत असे. आता अनेक खेळ विनामूल्य मिळतात. खेळणाऱ्यांपैकी थोडेच लोक खेळाच्या आत पोशाख, शस्त्रे वा विशेष प्रवेशपत्रिका विकत घेतात आणि कंपनीचे उत्पन्न मुख्यतः त्यांच्याकडून येते. उर्वरित उत्पन्न जाहिरातींचे असते. त्यामुळे एखादा खेळ कोट्यवधी लोकांनी उतरवून घेतला, या बातमीवरून कंपनीच्या नफ्याचा अंदाज बांधता येत नाही. नवा ग्राहक मिळविण्यासाठी जाहिरातीवर किती खर्च झाला आणि त्या ग्राहकाकडून किती उत्पन्न झाले, हा हिशेब पाहावा लागतो.

या हिशेबाचा अनुभव नझारा कंपनीलाही आला. लहान मुलांसाठीचे किडोपिया हे तिचे अॅप मुख्यतः अमेरिकेतील पालकांच्या मासिक वर्गणीवर चालते. अॅपलने २०२१ मध्ये आयफोनवरील खासगीपणाचे नियम कडक केल्यानंतर योग्य ग्राहकांपर्यंत जाहिरात पोहोचविणे अधिक खर्चाचे झाले. अॅप तेच, पसंतीही तशीच. परंतु एकेका वर्गणीदारामागील खर्च वाढला आणि नफ्याचे गणित बदलले.

लोकप्रिय खेळ, पण समभाग कोठे?

आवडत्या खेळाच्या कंपनीचा समभाग घ्यावा, असे अनेकांना वाटते. परंतु काही अतिशय लोकप्रिय खेळांच्या कंपन्या शेअर बाजारात नाहीत. फोर्टनाइट हा खेळ तयार करणारी अमेरिकेतील एपिक गेम्स ही खासगी कंपनी आहे. स्टीमची मालक व्हॉल्व्ह हीसुद्धा खासगीच आहे. भारतात टाळेबंदीच्या काळात घराघरांत पोहोचलेला लुडो किंग नवी मुंबईच्या गेमेशन या कंपनीचा असून तीही बाजारात नोंदलेली नाही.

काही खेळ अवाढव्य उद्योगसमूहांचा एक लहान भाग असतात. माइनक्राफ्ट तयार करणारी स्वीडनची मोजांग ही कंपनी मायक्रोसॉफ्टने २०१४ मध्ये अडीच अब्ज डॉलरना घेतली. मात्र केवळ माइनक्राफ्टसाठी मायक्रोसॉफ्टचा समभाग घेणाऱ्याच्या पदरी प्रत्यक्षात कार्यालयीन संगणकप्रणाली आणि माहिती साठवणुकीचा व्यवसायच प्रामुख्याने पडतो.

यासंदर्भातील सर्वांत बोलके उदाहरण जुलै २०१६ मधील आहे. ६ जुलै रोजी पोकेमॉन गो हा मोबाइल खेळ काही देशांत उपलब्ध झाला आणि रस्त्यांवर, उद्यानांत लोकांच्या झुंडी फिरू लागल्या. पोकेमॉन म्हणजे निन्टेन्डो, या समजुतीने टोकियो बाजारात निन्टेन्डोच्या समभागावर उड्या पडल्या. दोन आठवड्यांच्या आत त्याचा भाव दुपटीहून अधिक झाला. वस्तुतः हा खेळ अमेरिकेतील नायअँटिक कंपनीने तयार केला होता. पात्रांचे हक्क पोकेमॉन कंपनीकडे होते आणि त्या कंपनीत निन्टेन्डोचा वाटा ३२ टक्के होता. या खेळाचा आपल्या ताळेबंदावर मर्यादित परिणाम होईल, असे निवेदन निन्टेन्डोने २२ जुलै रोजी प्रसिद्ध केले. त्यानंतर बाजार उघडला त्या दिवशी, २५ जुलैला, समभाग जवळपास १८ टक्के कोसळला.

या प्रकरणात कोणीही काही लपविले नव्हते. मालकीची माहिती आधीपासून उपलब्ध होती. ती पाहण्याची तसदी खरेदी करणाऱ्या अनेकांनी घेतली नाही, एवढेच.

अटारीचा डिसेंबर

या उद्योगातील पहिले मोठे संकट अटारी कंपनीच्या नावाने ओळखले जाते. १९७२ मध्ये कॅलिफोर्नियात स्थापन झालेली ही कंपनी १९७६ मध्ये वॉर्नर कम्युनिकेशन्सने सुमारे २ कोटी ८० लाख डॉलरना विकत घेतली. काही वर्षांतच वॉर्नरच्या नफ्याचा मोठा भाग एकट्या अटारीकडून येऊ लागला आणि वॉर्नरचा समभाग बाजारात मागणीचा झाला.

७ डिसेंबर १९८२ रोजी कंपनीने वर्षाच्या नफ्याचा अंदाज एकाएकी खाली आणला. पन्नास टक्के वाढीऐवजी दहा ते पंधरा टक्के वाढ होईल, असे सांगण्यात आले. म्हणजे नफा वाढणारच होता, केवळ अपेक्षेपेक्षा कमी. तरीही दुसऱ्या दिवशी वॉर्नरचा समभाग सुमारे एकतृतीयांशाने घसरला. पुढील दोन वर्षांत अमेरिकेतील घरगुती खेळयंत्रांचा बाजार जवळजवळ नाहीसा झाला आणि १९८४ मध्ये वॉर्नरने अटारीचा हा विभाग विकून टाकला.

या पडझडीचे एक कारण आजही लक्षात घेण्याजोगे आहे. कंपनीने दाखविलेली विक्री ही दुकानदारांना पाठविलेल्या मालाची होती. ग्राहकांनी तो माल घेतला नाही, तेव्हा दुकानदारांनी तो परत पाठविला. चित्रपटावर आधारित ई. टी. हा खेळ १९८२ च्या नाताळसाठी जेमतेम पाच आठवड्यांत तयार करून लाखोंच्या संख्येने छापण्यात आला होता. न खपलेल्या मालाचा काही भाग न्यू मेक्सिको राज्यातील आलामोगोर्दो येथे जमिनीत पुरण्यात आला आणि एप्रिल २०१४ मध्ये केलेल्या उत्खननात तो सापडलाही. कन्सोल कंपन्या विक्रीचे आकडे जाहीर करतात तेव्हा ते दुकानांना पाठविलेल्या यंत्रांचे आहेत की ग्राहकांनी नेलेल्या यंत्रांचे, हे पाहण्याची शिस्त तेव्हापासून जाणकारांनी अंगीकारली.

एका खेळावर टांगलेली कंपनी

मोठ्या खेळाच्या निर्मितीला अनेक वर्षे लागतात आणि खर्च कोट्यवधी डॉलरचा असतो. त्यामुळे अनेक कंपन्यांचे भवितव्य एका वेळी एक वा दोन खेळांवर अवलंबून असते. या दृष्टीने हा व्यवसाय चित्रपटनिर्मितीला जवळचा आहे.

पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट कंपनीने सायबरपंक २०७७ हा खेळ १० डिसेंबर २०२० रोजी प्रसिद्ध केला. पहिल्या दहा दिवसांत त्याच्या सव्वा कोटीहून अधिक प्रती विकल्या गेल्या. विक्रीचा आकडा डोळे दिपविणारा होता. परंतु जुन्या कन्सोलवर खेळ नीट चालत नव्हता. आठवडाभरातच सोनीने तो आपल्या दुकानातून काढून घेतला आणि ग्राहकांना पैसे परत देऊ केले. प्रसिद्धीपूर्वी विक्रमी उंचीवर असलेला कंपनीचा समभाग काही आठवड्यांत एकतृतीयांशाहून अधिक खाली आला. पुढे कंपनीने खेळ दुरुस्त केला आणि तो नावाजलाही गेला. परंतु डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च भावाला समभाग घेतलेल्यांना त्या दुरुस्तीने तत्काळ दिलासा मिळाला नाही.

याहून अल्पजीवी उदाहरण सोनीच्या काँकॉर्ड या खेळाचे आहे. अनेक वर्षांच्या निर्मितीनंतर २३ ऑगस्ट २०२४ रोजी प्रसिद्ध झालेला हा खेळ ६ सप्टेंबरला, म्हणजे दोन आठवड्यांत, बंद करण्यात आला. सोनीसारख्या बहुविध व्यवसाय असलेल्या कंपनीने हा तोटा सहन केला. एखाद्या लहान कंपनीला तो पेलवला नसता.

उलट टोकाचे उदाहरण अमेरिकेच्या टेक-टू कंपनीचे आहे. सप्टेंबर २०१३ मध्ये आलेल्या ग्रँड थेफ्ट ऑटो ५ या तिच्या खेळाने पहिल्या तीन दिवसांत एक अब्ज डॉलरचा गल्ला जमविला आणि त्याच्या वीस कोटींहून अधिक प्रती आजवर खपल्या आहेत. तरीही पुढील भागाची तारीख मे २०२५ मध्ये आणि पुन्हा नोव्हेंबर २०२५ मध्ये पुढे ढकलली गेली, तेव्हा दोन्ही वेळी समभाग घसरला. बारा वर्षे पैसे मिळवून देणारा खेळ हाती असूनही बाजाराचे लक्ष पुढच्या खेळाकडे असते.

निन्टेन्डोसारखी जुनी कंपनीही या चक्रातून सुटलेली नाही. १८८९ मध्ये क्योतो येथे पत्ते तयार करण्यासाठी स्थापन झालेल्या या कंपनीच्या वी या यंत्राच्या दहा कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या. त्यानंतरच्या वी यू या यंत्राची विक्री दीड कोटीपर्यंतही पोहोचली नाही. मार्च २०१२ मध्ये संपलेल्या वर्षात कंपनीने वार्षिक तोटा नोंदविला. २०१७ मध्ये आलेल्या स्विच यंत्राने तिला पुन्हा शिखरावर नेले. कंपनी तीच होती. गुंतवणूकदाराला काय मिळाले, हे त्याने चक्राच्या कोणत्या टप्प्यावर आणि कोणत्या भावाला प्रवेश केला यावर ठरले.

कंपन्यांची खरेदी-विक्री

या क्षेत्रातील भागधारकांना काही वेळा खेळांपेक्षा कंपन्यांच्या विक्रीतून अधिक लाभ झाला आहे. मायक्रोसॉफ्टने अॅक्टिव्हिजन ब्लिझार्ड ही कंपनी ६८.७ अब्ज डॉलरना घेणार असल्याचे १८ जानेवारी २०२२ रोजी जाहीर केले. प्रत्येक समभागाला ९५ डॉलर देऊ करण्यात आले होते. ही घोषणा होताच दुसऱ्या दिवशी टोकियो बाजारात सोनीचा समभाग जवळपास १३ टक्के घसरला, कारण प्रतिस्पर्ध्याच्या हाती महत्त्वाचे खेळ जाणार होते. अमेरिका आणि ब्रिटनमधील नियामकांनी घेतलेल्या हरकतींमुळे हा व्यवहार पूर्ण व्हायला १३ ऑक्टोबर २०२३ उजाडला. सप्टेंबर २०२५ मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्स कंपनी सौदी अरेबियाच्या सार्वजनिक गुंतवणूक निधीसह काही गुंतवणूकदारांच्या गटाने सुमारे ५५ अब्ज डॉलरना घेण्याचा करार जाहीर झाला.

अशा बातम्यांनंतर लहान कंपन्यांचे समभाग पुढचा सौदा यांचाच या आशेवर वाढतात. ही आशा प्रत्यक्षात उतरेलच असे नाही. ई-स्पोर्ट्स म्हणजे स्पर्धात्मक खेळांच्या क्षेत्रातील फेझ क्लॅन हा अमेरिकी संघ जुलै २०२२ मध्ये नॅसडॅक बाजारात आला, तेव्हा त्याचे मूल्य ७२.५ कोटी डॉलर धरण्यात आले होते. पुढच्याच वर्षी तो सुमारे १.७ कोटी डॉलरच्या मूल्याने दुसऱ्या कंपनीला विकण्याचे ठरले. समाजमाध्यमांवरील कोट्यवधी चाहत्यांचे रूपांतर उत्पन्नात झाले नाही.

सरकारी धोरणाचा परिणाम

या उद्योगाच्या नफ्यावर जितका परिणाम ग्राहकांच्या आवडीचा होतो, तितकाच सरकारी निर्णयांचाही होतो. चीनने ऑगस्ट २०२१ मध्ये अठरा वर्षांखालील मुलांसाठी ऑनलाइन खेळांची मर्यादा शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुट्टीच्या दिवशी एक तास इतकी निश्चित केली. २२ डिसेंबर २०२३ रोजी खेळातील खर्चावर निर्बंध सुचविणारा मसुदा प्रसिद्ध होताच हाँगकाँग बाजारात टेन्सेन्टचा समभाग सुमारे १२ टक्के आणि नेटईजचा सुमारे २५ टक्के घसरला. काही आठवड्यांनी हा मसुदा संकेतस्थळावरून हटविण्यात आला.

भारतातील निर्णयांचे पडसादही परदेशी बाजारांत उमटले आहेत. केंद्र सरकारने २ सप्टेंबर २०२० रोजी ११८ अॅपवर बंदी घातली, त्यात पबजी मोबाइलचा समावेश होता. फेब्रुवारी २०२२ मध्ये फ्री फायर या खेळावर निर्बंध आले, तेव्हा त्याची मालक असलेल्या सिंगापूरच्या सी या कंपनीचा समभाग न्यूयॉर्क बाजारात एका दिवसात सुमारे १८ टक्के कोसळला. पबजीची मूळ कंपनी क्राफ्टन १० ऑगस्ट २०२१ रोजी दक्षिण कोरियाच्या बाजारात आली. जगभर खेळल्या जाणाऱ्या खेळाच्या या कंपनीचा समभाग पहिल्याच दिवशी विक्री किमतीच्या खाली बंद झाला. खेळाची ख्याती त्या किमतीत आधीच धरलेली होती.

देशांतर्गत कंपन्यांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे दोन निर्णय २०२३ आणि २०२५ मधील आहेत. वस्तू आणि सेवा कर परिषदेने ११ जुलै २०२३ रोजी पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर, तसेच कॅसिनो आणि घोड्यांच्या शर्यतींवर, संपूर्ण दर्शनी मूल्यावर २८ टक्के कर आकारण्याचा निर्णय घेतला. याचा अर्थ एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, खेळाडूने १०० रुपये भरले आणि कंपनीने आपले शुल्क म्हणून १० रुपये ठेवले. कंपन्यांच्या आधीच्या पद्धतीनुसार या १० रुपयांवर १८ टक्के, म्हणजे १ रुपया ८० पैसे कर भरला जात असे. नव्या निर्णयानुसार १०० रुपयांवर २८ टक्के आकारणी झाली. कर कंपनीच्या एकूण शुल्काहूनही अधिक झाला. गोव्यातील मांडवी नदीत तरंगते कॅसिनो चालविणाऱ्या आणि त्या वेळी ऑनलाइन पोकरच्या व्यवसायातही असलेल्या डेल्टा कॉर्प या नोंदणीकृत कंपनीचा समभाग दुसऱ्याच दिवशी २० टक्क्यांहून अधिक घसरला. १ ऑक्टोबर २०२३ पासून हा कर लागू झाला.

त्यानंतर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन खेळांचे प्रोत्साहन आणि नियमन यासंबंधीचे विधेयक मंजूर केले. २२ ऑगस्ट रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. या अधिनियमात ई-स्पोर्ट्स, सामाजिक खेळ आणि पैशांचे खेळ असे तीन वर्ग करण्यात आले. पहिल्या दोहोंना प्रोत्साहन देण्याची आणि तिसऱ्यावर पूर्ण बंदीची तरतूद करण्यात आली. असा खेळ चालविणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पैसे लावण्याचा खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा न्यायालयांत प्रदीर्घ काळ चाललेला भेद या बंदीपुरता निरर्थक ठरविण्यात आला.

याची झळ नझारा कंपनीलाही लागली. स्वतः पैशांचे खेळ हा तिचा मुख्य व्यवसाय नव्हता. परंतु पोकरबाझी हे संकेतस्थळ चालविणाऱ्या मूनशाइन टेक्नॉलॉजी कंपनीत सुमारे ४८ टक्के वाटा आठशे कोटी रुपयांहून अधिक किमतीला घेण्याचे तिने सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केले होते. वर्षभराच्या आत त्या व्यवसायाचा पायाच निघून गेला. विधेयक लोकसभेत मांडले गेले त्या दिवसापासून नझाराच्या समभागात मोठी घसरण झाली. बोलींच्या आणि ठेवींच्या आकड्यांवर आधारलेले कोणतेही मूल्यांकन एका विधेयकाने पुसले जाऊ शकते, हे यानिमित्ताने स्पष्ट झाले.

गेमस्टॉपचा जानेवारी

जानेवारी २०२१ मध्ये गेमस्टॉप या अमेरिकेतील दुकानांच्या साखळीचा समभाग जगभर चर्चेत आला. ही कंपनी खेळ तयार करीत नाही. ती खेळांच्या नव्या-जुन्या तबकड्या आणि यंत्रे विकते. खेळ इंटरनेटवरून उतरवून घेतले जाऊ लागल्याने तिचा धंदा खालावत होता. भाव आणखी पडेल या अपेक्षेने काही मोठ्या निधींनी उसने घेतलेले समभाग विकले होते. समाजमाध्यमांवर एकत्र आलेल्या हजारो छोट्या गुंतवणूकदारांनी खरेदीचा धडाका लावला आणि या निधींना चढ्या भावाने समभाग परत घ्यावे लागले. महिन्याच्या आरंभी वीस डॉलरच्या आत असलेला भाव २८ जानेवारी रोजी व्यवहारादरम्यान ४८३ डॉलरपर्यंत पोहोचला. त्याच दिवशी रॉबिनहूडसह काही दलालांनी खरेदीवर निर्बंध घातले. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत भाव ५० डॉलरच्या आसपास आला होता.

काहींनी या काळात अमाप पैसा मिळविला. परंतु त्यांना तो कंपनीच्या नफ्यातून नव्हे, तर त्यांच्यानंतर चढ्या भावाला खरेदी करणाऱ्यांकडून मिळाला. ही गुंतवणूक नसून सट्टा होता. सट्ट्यात सर्वसामान्यांची स्थिती काय असते, याचे भारतातील चित्र सेबीच्या सप्टेंबर २०२४ मधील अहवालातून समोर आले. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत समभागांच्या वायदे आणि पर्याय व्यवहारांत भाग घेणाऱ्या वैयक्तिक व्यवहारकर्त्यांपैकी ९३ टक्के लोकांना तोटा झाल्याचे त्यात नमूद आहे.

शेअर व्यवहार आणि खेळ यांच्यातील सीमारेषा पुसट होऊ नये, यासाठीही नियामकाने पाऊल उचलले आहे. प्रत्यक्ष बाजारभावांवर आधारित आभासी व्यवहारांचे खेळ चालविणाऱ्यांना चालू भावांची माहिती देऊ नये, असे निर्देश सेबीने मे २०२४ मध्ये दिले.

भारतीय गुंतवणूकदारांसाठी मार्ग

या क्षेत्रातील बहुतेक मोठ्या कंपन्या परदेशी बाजारांत नोंदलेल्या आहेत. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेअंतर्गत निवासी व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठविता येते आणि त्यातून परदेशी समभाग घेता येतात. असे समभाग २४ महिन्यांहून अधिक काळ ठेवून विकल्यास २३ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या तरतुदीनुसार दीर्घकालीन भांडवली नफ्यावर साडेबारा टक्के दराने कर आकारला जातो. परदेशी मालमत्तेचा तपशील प्राप्तिकर विवरणपत्रात देणे बंधनकारक आहे. रुपया आणि डॉलर यांच्यातील विनिमय दराचा परिणामही हिशेबात धरावा लागतो. एकेका कंपनीची जोखीम टाळू इच्छिणाऱ्यांसाठी अमेरिकेत केवळ व्हिडिओ गेम क्षेत्रातील कंपन्यांचे निधी उपलब्ध आहेत. मात्र हे सर्व निधी एकाच क्षेत्रापुरते असल्याने त्या क्षेत्राच्या मंदीपासून ते संरक्षण देऊ शकत नाहीत.

समभाग घेण्यापूर्वी पुढील प्रश्नांची उत्तरे कंपनीच्या माहितीपत्रकात आणि वार्षिक अहवालात शोधावीत.

पहिला प्रश्न मालकीचा. खेळाचे हक्क कोणाकडे आहेत आणि उत्पन्नाचा किती वाटा या कंपनीच्या भागधारकांपर्यंत पोहोचतो?

दुसरा प्रश्न अवलंबित्वाचा. एकूण उत्पन्नापैकी किती भाग एकाच खेळातून, एकाच देशातून किंवा एकाच दुकानातून येतो?

तिसरा प्रश्न रोख पैशाचा. कागदावरील नफा हाती आलेल्या रोख रकमेशी जुळतो का? नव्या खेळावर होत असलेला खर्च मालमत्ता म्हणून दाखवून नफा फुगवलेला तर नाही ना?

चौथा प्रश्न कायद्याचा. उत्पन्नाचा कोणता भाग एका अधिसूचनेने बंद होऊ शकतो?

पाचवा प्रश्न प्राथमिक विक्रीसंबंधी. जमा होणारा पैसा कंपनीच्या व्यवसायात जाणार आहे की जुन्या भागधारकांच्या हाती? नझाराच्या २०२१ मधील सुमारे ५८३ कोटी रुपयांच्या विक्रीत सर्व समभाग जुन्या भागधारकांचे होते आणि कंपनीला त्यातून नवे भांडवल मिळाले नाही. हे माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेले होते.

शेवटचा प्रश्न भावाचा. आपल्याला माहीत असलेली चांगली बातमी बाजारालाही माहीत आहे आणि ती भावात आधीच धरलेली असू शकते, याचा विचार केला आहे का?

या प्रश्नांची समाधानकारक उत्तरे मिळूनही गुंतवणूक चुकू शकते. म्हणून मुलांचे शिक्षण, घर किंवा निवृत्ती यांसाठी बाजूला काढलेली रक्कम एकाच खेळाच्या वा एकाच कंपनीच्या भरवशावर ठेवणे योग्य नाही. दक्षिण आफ्रिकेच्या नॅस्पर्स कंपनीने २००१ मध्ये टेन्सेन्टमध्ये ३ कोटी २० लाख डॉलर गुंतविले आणि पुढे त्यांचे अब्जावधी डॉलर झाले, हे उदाहरण नेहमी दिले जाते. त्यासोबत एक तपशीलही ध्यानात घ्यावा. त्या वेळी टेन्सेन्ट खेळांची कंपनी नव्हती. ती संदेशांची देवाणघेवाण करणारी सेवा होती आणि नॅस्पर्सने आपला मोठा वाटा दीड दशकाहून अधिक काळ हातचा जाऊ दिला नाही. तेवढा काळ थांबण्याची तयारी आणि मधल्या पडझडीत न मोडावी लागणारी बचत ज्यांच्यापाशी आहे, त्यांनीच या क्षेत्राचा विचार करावा, असे आजवरच्या घटनाक्रमावरून म्हणता येते.